खुले पत्र : २३ जुलै २०२७, एक दिवस नुसतं बोला

प्रति,
मराठी कार्यक्रम विभाग,
आकाशवाणी, मुंबई

सप्रेम नमस्कार.

२३ जुलै २०२७ रोजी मुंबईच्या रेडिओ केंद्राला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्या दिवशी काय करायचं यावर तुमच्याकडे बैठका सुरू झाल्या असतील, नाहीतर लवकरच होतील. दीपप्रज्वलन, मान्यवरांची मनोगतं, स्मरणिका आणि संध्याकाळी जुन्या गाण्यांची मैफल हे विषय त्यात निघणारच, त्याला ज्योतिषी लागत नाही. ते सगळं कागदावर पक्कं व्हायच्या आत माझी मागणी तुमच्यापर्यंत पोचावी म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. मागणी एवढीच : त्या दिवशी सकाळची पहिली सभा सुरू झाल्यापासून रात्री केंद्र बंद होईपर्यंत अस्मिता वाहिनीवर मराठीत नुसतं बोला. नाटकं लावा, श्रुतिका म्हणजे खास रेडिओसाठी लिहिलेली छोटी नाटकं लावा, पुस्तकं वाचा, चित्रांवर आणि रंगभूमीवर बोलणारी माणसं आणा. बातम्या राहू द्यात, त्या लागतातच. गाणं मात्र त्या एका दिवशी नको.

माझा ठाण्यात चरईत शिवणकामाचा गाळा आहे. ब्लाउज, फॉल-बिडिंग, पिको, जुन्या ड्रेसांची दुरुस्ती. या कामात हात आणि डोळे दिवसभर गुंतलेले असतात आणि कान रिकामे. असे रिकामे कान या शहरात फार आहेत. वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला बसणाऱ्या बाया, इस्त्रीवाले, घरून पोळीभाजी देणाऱ्या, घोडबंदरच्या टॉवरमध्ये रात्रपाळीला असणारे वॉचमन, अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी बारा-बारा तास बसणाऱ्या आया. आम्हाला गाण्यांचा कंटाळा आहे असं नाही, पण तीन-चार मिनिटांत गाणं संपतं आणि पुढच्या गाण्यापर्यंत कुणीतरी उगाच खिदळत राहतं. अर्ध्या तासाच्या नाटकात एका ब्लाउजचे हूक, काजं आणि तुरपाई उरकते, आणि ती कशी उरकली ते कळतही नाही.

मोबाइलवर ऐका की, असं लगेच कुणीतरी सांगेल. ऐकते. पण मोबाइलवर प्रत्येक वेळी आपण निवडायचं असतं. हाताला खडू, मशीनचं तेल, तोंडात टाचण्या, आणि मध्येच गिऱ्हाइकाचा फोन आला की नाटकातला खून कुणी केला ते राहूनच जातं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आपण निवडलं की आपल्याला आवडतं तेच आपण निवडतो. रेडिओवर दुसऱ्या कुणीतरी विचार करून लावलेलं कानावर पडतं, आणि कधी मनात आलं नसतं असं काही ऐकून होतं. संगीतिका, म्हणजे गाण्यांतून सांगितलेलं नाटक, हा प्रकार मी स्वतः शोधायला गेले नसते. कवी बा. सी. मर्ढेकर तुमच्याच खात्यात नोकरीला होते आणि त्यांनी रेडिओसाठी संगीतिका लिहिल्या, हे मला गाळ्यातल्या ट्रान्झिस्टरनेच सांगितलं.

आता ठाणेकरणीने हे का मागावं? १९२७ साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं, तेव्हा त्याची ताकद दीड किलोवॉट होती आणि नीट ऐकू येई ते साधारण तीस मैलांपर्यंत. बोरीबंदर ते ठाणे रुळांवरून एकवीस मैल. म्हणजे आगगाडीसारखंच रेडिओच्या बाबतीतही ठाणं पहिल्या दिवसापासून तुमच्या टप्प्यात होतं. कंपनी बिचारी तीन वर्षांत बुडाली, १९३० मध्ये सरकारने केंद्र ताब्यात घेतलं, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. टप्पा वाढत गेला, पण आम्ही जुने गिऱ्हाईक आहोत.

दिवसभर नुसतं बोलणं कोण ऐकणार, ही शंका तुमच्यातलाच कुणीतरी काढेल. माझी पुतणी इंग्लंडात असते. तिकडे बीबीसीची रेडिओ फोर ही वाहिनी १९६७ पासून बोलण्यावरच चालली आहे : बातम्या, नाटकं, पुस्तकवाचन, कलाविषयक गप्पा, विनोदी कार्यक्रम. एका शेतकरी गावाची मालिका तिथे १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकवली जाते आणि अजून संपलेली नाही. सुरुवातीला तिच्यामागे शेतीखात्याचा सल्ला असायचा. युद्धानंतर रेशनिंग चालूच होतं, पीक वाढवायचं होतं, म्हणून बी-बियाणं आणि गुराढोरांची माहिती त्या घरातल्या भांडणांत मिसळून द्यायची. हे वाचून मला हसू आलं, कारण आमच्या आकाशवाणीचे कामगारसभा आणि वनिता मंडळ हे कार्यक्रम याहून वेगळं काय करत होते? आणखी एक वाहिनी त्यांनी जुन्या ठेव्यातली नाटकं आणि वाचनं पुन्हा ऐकवायलाच ठेवली आहे. तिकडे घरटी टीव्हीचा परवाना भरतात, त्यावर हा संसार चालतो, हे खरं. आमच्याकडचं रेडिओचं लायसन कधीच बंद झालं. मी फुकट ऐकते, म्हणून तर वर्षभराचं मागत नाही, एक दिवस मागते.

तो दिवस कसा लावायचा तेही सांगते. कार्यक्रम ठरवणारा माणूस खुर्चीत बसून ठरवतो, ऐकणारा मात्र काम करत ऐकतो. माझ्या गाळ्याचं घड्याळ धरून बघा.

सकाळी मशीनला तेल, कालच्या कपड्यांना इस्त्री, पोरांच्या शाळेच्या गाड्या. या वेळात दहा मिनिटांपेक्षा लांब काही लावू नका. एक गोष्ट, एक लहान मुलांसाठी. ‘गंमत जंमत’ हा तुमचा मुलांचा कार्यक्रम ऐकून वाढलेली पिढी आता आजी-आजोबा आहे. तिला गोष्ट सांगायला बसवा.

अकराच्या सुमाराला माझी कापणी असते. कापड एकदा कापलं की कापलं. तेव्हा थरारक काही नको, हात हलतो. तेव्हा वाचन हवं. प्रवासवर्णन, पत्रं, व्यक्तिचित्रं, शांत चालीचं गद्य. अभिवाचनाबद्दल मात्र माझं एक गाऱ्हाणं आहे, ते कुणा एकाबद्दल नाही, सगळ्यांबद्दल आहे. हल्ली वाचन म्हटलं की मागे बासरी लागते. दुःखाचा परिच्छेद आला की बासरी आणखी रडते. लेखकाने जे वाक्य कोरडं ठेवलं, ते वाचणाऱ्याने ओलं का करायचं? वाचणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा आणि पूर्णविरामाला थांबायचं कसं एवढं आलं तरी पुरे, बाकीचं मजकूर करतो. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रात कित्येक वर्षं काढली. त्यांची वाक्यं मोठ्याने वाचून बघा, जीभ कुठे अडत नाही. असं गद्य निवडा आणि बासरीवाल्याला सुट्टी द्या.

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. ही नाटकाची वेळ. आमचा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर असतो आणि मशीनची मोटर चालू झाली की तो खरखरतो. मोटरच्या आत कार्बनच्या ब्रशपाशी ठिणग्या पडतात, त्या रेडिओला ऐकू येतात. एलईडी ट्यूबचाही तोच त्रास. रेडिओ पाटावर हळूहळू फिरवत नेला की एका कोनात खरखर दबते, कारण आतला अँटेनाचा दांडा आडवा असतो आणि त्याला दिशा असते. तरी पूर्ण जात नाही. म्हणून नाटकाच्या वेळी मी मोटर बंद करते आणि सगळं हातकाम तेव्हासाठी राखून ठेवते. माझ्याकडे फॉल लावायला दिवा गावाहून एक काकू येतात, त्याही सुई घेऊन जवळ सरकतात. नाटकात कुणी खोटं बोलायला लागलं की त्या टाका घालायच्या थांबतात. लेखकाने खोटेपणा कितीही लपवला असला तरी त्यांना आवाजावरून कळतो.

त्या दुपारी एक जुनं नाटक लावा आणि एक नवं, दोन्ही अखंड, मध्ये जाहिरात नाही. जुन्यासाठी तुम्हाला लांब जायला नको. ‘पुन्हा प्रपंच’ या तुमच्या कौटुंबिक श्रुतिकेतली मीनावहिनी म्हणून नीलम प्रभूंचा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना त्या वहिनीच्या घराचा नकाशा अजून काढता येईल, स्वयंपाकघर कुठे, बाहेरची खोली कुठे. टेकाडे भावजी आत आले की ते कुठल्या दारातून आले हेसुद्धा कळायचं. त्यातल्याच बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी यांचं जे ध्वनिमुद्रण तुमच्या कपाटात शाबूत असेल ते बाहेर काढा. फीत जुनी आहे, थोडी घरघर आहे, म्हणून लाजू नका. आम्ही मोटरच्या खरखरीतून ऐकणारी माणसं आहोत.

नव्या नाटकाबद्दल एक विनंती. रंगमंचावरचं नाटक माइकसमोर वाचून दाखवू नका. १५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीवर रिचर्ड ह्यूजचं नाटक झालं, ते खास रेडिओसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांपैकी गणलं जातं. त्याने कथा ठेवली कोळशाच्या खाणीत आणि सुरुवातीलाच दिवे घालवले. पात्रांनाही काही दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही, संपलं भांडण. शंभर वर्षांपूर्वी त्या तरुण लेखकाला जे सुचलं ते आमच्या एकांकिका करणाऱ्या पोरांना सुचणार नाही असं नाही, त्यांना कुणी मागितलेलं नाही एवढंच.

पोरं ठाण्यात भरपूर आहेत. रत्नाकर मतकरींची पहिली एकांकिका १९५५ मध्ये तुमच्याच केंद्रावरून झाली, तेव्हा त्यांनी वयाची विशीही गाठली नव्हती. तेच मतकरी पुढे कितीतरी वर्षांनी ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलामुलींना घेऊन वंचितांचा रंगमंच उभा करायला आले. सेट नाही, झगझगीत कपडे नाहीत, आपलं आयुष्य आपल्या तोंडाने सांगायचं. अशा नाटकाला रेडिओइतकं सोयीचं दुसरं काय आहे? एक आवाजचाचणी ठाण्यात ठेवा. चर्चगेटपर्यंत येण्यात ज्यांचा रोज बुडतो त्यांनाही येता येईल.

आवाजांबद्दल मला थोडं माहीत आहे, कसं ते सांगते. एका हौशी मंडळासाठी मी नाटकाचे कपडे शिवायची. त्यांनी एकदा श्रुतिका ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. चला, या वेळी कपडे नाहीत, मी सुटले, असं वाटलं. तर आवाजांचं बघणारा मुलगा गाळ्यात हजर. म्हणाला, “काकू, आवाज करणारं कापड द्या.” कथेत एक म्हातारी बाई रात्री अंधारात कपाटापर्यंत चालत येते, बोलत काहीच नाही, ती आली हे लुगड्यावरून कळायला हवं. मी एकेक तुकडा काढला. मखमल मुकी. टाफेट्याचं अस्तर फार श्रीमंत वाजतं, म्हातारी एकदम राजवाड्यात गेली. नायलॉन चटचटतं. कांजी केलेलं सुती लुगडं दुकानात छान वाजत होतं, माइकपाशी नेल्यावर वर्तमानपत्र चुरगळल्यासारखं झालं. शेवटी कोऱ्या टसरचे दोन पदर एकमेकांवर सावकाश घासले, आणि बाई आली. पुढे एक कापड फाडायचा प्रसंग होता. मलमल फाटताना फारसा आवाज करत नाही, पॉपलिन करतं, पण आधी कात्रीने काठाला खाच द्यावी लागते आणि सरळ धाग्यात फाडावं लागतं, नाहीतर टर्र न येता नुसती ओढाताण ऐकू येते. ध्वनिमुद्रण झालं ते दोन खोल्यांच्या घरात, भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, रस्त्यावरची टीएमटीची बस गेली की पुन्हा पहिल्यापासून. टिनाचा पत्रा हलवून गडगडाट, सेलोफेन चुरगाळून जाळ, करवंट्यांवर घोडा. आणि एखादं पात्र अंगणात निघून जायचं असेल तर नटाने फक्त तोंड वळवून बोलत बोलत दोन पावलं मागे सरकायचं. समोर उभं राहून बघितलं की हसू येतं. डोळे मिटले की तो खरंच गेलेला असतो.

ही कला तुमच्याकडे अनेक वर्षं रुजली. तुमच्या केंद्रात ज्यांनी आयुष्यभर दारं उघडली, पाऊस पाडला आणि कपबश्या वाजवल्या, त्यांतली जी मंडळी आज बोलू शकतात त्यांना त्या दिवशी अर्धा तास द्या. आणि नाटकाच्या आधी व नंतर, दोन्ही वेळा, सगळ्यांची नावं सांगा. आवाज ओळखीचा वाटतो आणि नाव आठवत नाही, हा त्रास संध्याकाळपर्यंत डोक्यात राहतो.

पाच ते आठ गाळ्यात गर्दी. माप द्या, उंची वाढवा, गळा मोठा झाला, ही ओरड चालू असताना नाटक लावलंत तर वाया जाईल. ही वेळ कलांवरच्या छोट्या गप्पांची. इथे माझी एकच अट आहे : “आपल्या प्रवासाविषयी काय सांगाल?” हा प्रश्न त्या दिवशी केंद्रात विचारायला बंदी करा. माणूस काय काम करतो ते विचारा. गडकरी रंगायतन १९७८ पासून उभं आहे, त्याच्या विंगेत उभं राहून ज्यांनी दिवे सांभाळले, प्रॉम्प्टिंग केलं, पडदे ओढले, त्यांना विचारा. वेशभूषाकाराला विचारा की दीड मिनिटात नऊवारी बदलून पंजाबी ड्रेस कसा चढतो. मी सांगते, हुकांच्या जागी वेल्क्रो आणि टिच-बटणं असतात आणि वरून खोटे हूक शिवलेले असतात, शिवाय विंगेत दोन बाया हात पसरून उभ्या असतात. चित्रांच्या बाबतीत कुणालातरी एका चित्रासमोर उभं करा आणि त्यात काय दिसतं ते सांगायला लावा. चित्रकाराचे पुरस्कार नंतर.

आणि भाषेचं एक. आमच्या दिव्याच्या काकू आगरी बोलतात. कुठल्याही वाहिनीवर, टीव्हीवर, मोबाइलवर आगरी आली की ती हसवायलाच येते, याचा त्यांना राग आहे. नवी मुंबईच्या गावांत, सिडकोने जमिनी घेतल्या त्या घरांत, आगरीत सांगण्यासारख्या कितीतरी गोष्टी आहेत आणि त्यांत हसण्यासारखं फारसं काही नाही. कोळीवाड्यांतल्या आहेत, येऊरच्या पाड्यांतल्या आहेत. एक श्रुतिका अशी करा. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रेक्षकांसमोर माइक लावून केलीत तर त्या माणसांना आपलं बोलणं गंभीरपणे ऐकलं जाताना बघता येईल. मजकुरासाठी ठाण्यात ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तिथल्या कपाटांत मोठ्याने वाचायला योग्य असं वर्षभर पुरेल इतकं निघेल.

रात्री पावणेअकरा. भांडी झालेली असतात. पंधरा मिनिटांचं वाचन, एकच आवाज, आणि ते तेवढ्या एका दिवशी न संपवता पुढच्या आठवड्यात रोज त्याच वेळी पुढे चालू ठेवा. एक दिवस मागते म्हटलं होतं, इथे थोडी आत शिरते आहे, हे कबूल. रेडिओ फोरवर या वेळी सोमवार ते शुक्रवार पुस्तक वाचतात. आमच्याकडे या वेळी मालिकांमधल्या सासवा नुकत्याच झोपलेल्या असतात, तेव्हा मैदान मोकळं आहे.

२३ जुलै हा दिवस मला आणखी एका कारणासाठी आवडतो. २७ फेब्रुवारीला मराठीवर भाषणं होतात, ५ नोव्हेंबरला रंगभूमीवर होतात, शिवाय तेव्हा दिवाळी आणि लग्नसराईची गर्दी असते. २३ जुलै २०२७ ला शुक्रवार आहे, आषाढ असेल, लग्नं नाहीत, मंगळागौरीच्या ऑर्डरी अजून सुरू व्हायच्या असतील आणि बाहेर पाऊस. वीज गेली तरी आमचं पायमशीन चालतं आणि ट्रान्झिस्टर सेलवर.

मागण्या मिळून एवढ्या : दिवसभराचं वेळापत्रक वर्तमानपत्रांत आधी छापून द्या. नाटकं त्या रात्री उशिरा पुन्हा लावा, रात्रपाळीवाल्यांसाठी. ध्वनिमुद्रणं महिनाभर ॲपवर ठेवा. नव्या लेखकांना आणि नटांना मानधन द्या, सन्मानचिन्ह नको. वेळापत्रक जूनच्या मध्यापर्यंत आलं तर बरं, कारण कुठल्या तासाला मोटर बंद ठेवायची ते बघून मला त्या आठवड्याच्या ऑर्डरी घ्याव्या लागतील.

कळावे,

आपली,
चरईतली एक शिवणकाम करणारी श्रोती
ठाणे